गेमिंग लॅपटॉप रोजच्या कामाला: नाशिकमध्ये मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदिरानगरला राहतो. घरातल्या मागच्या खोलीत बसून फ्लॅटच्या आणि दुकानांच्या इंटिरिअरची ड्रॉइंग आणि थ्रीडी चित्रं करतो. २०२३ पासून घरात एकच कॉम्प्युटर आहे. १६ इंची, आय-नाइन १३९००एचएक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०८० ग्राफिक्सचा गेमिंग लॅपटॉप. ड्रॉइंग त्याच्यावर, जीएसटीचे रिटर्न त्याच्यावर, लाइट बिल त्याच्यावर आणि रविवारी मुलाचा गेमही त्याच्यावर. ओळखीतलं कुणी लॅपटॉप घ्यायला निघालं की फोन मला येतो. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

मी गेम खेळत नाही. तरी घेऊ का?

आधी मला सांगा, आत्ताचा कॉम्प्युटर तुम्हाला नेमका कुठे ताटकळत ठेवतो? टॅली, एक्सेल, बँकेची साइट, यूट्यूब एवढंच असेल तर घेऊ नका. त्या कामाला साधा दीड किलोचा लॅपटॉप जास्त सुखाचा आहे. तो तापत नाही, ओरडत नाही आणि बॅटरीवर दुपार काढतो.

थ्रीडी रेंडर (म्हणजे ड्रॉइंगवरून खऱ्यासारखं चित्र तयार करणं), फोर-के व्हिडिओ, सॉलिडवर्क्ससारख्या यंत्रांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या मोठ्या असेंब्ल्या, घरच्या घरी एआय मॉडेल चालवणं असं काही असेल तर विचार करा. पण तेव्हाही दुसरा प्रश्न राहतोच: मशीन घराबाहेर न्यावं लागतं का? लागत नसेल तर त्याच पैशात डेस्कटॉप कितीतरी दणकट मिळतो. मला न्यावं लागतं. गिऱ्हाईक गंगापूर रोडला, साइट पाथर्डी फाट्याला, आणि "ही भिंत जरा गडद करून दाखवा ना" हे वाक्य नेहमी साइटवर उभं राहूनच सुचतं. दोन मशीन ठेवून फायली इकडून तिकडे करण्याचा मला कंटाळा आहे, म्हणून हा संसार मांडला.

लॅपटॉपमधलं ४०८० आणि डेस्कटॉपमधलं ४०८० एकच ना?

नाही. नाव एक, माल वेगळा. त्याच्या वरच्या ४०९० चंच उदाहरण घ्या. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये जी चिप आहे ती डेस्कटॉपच्या ४०८० ची आहे. डेस्कटॉपचं ४०९० कार्ड ४५० वॉटपर्यंत वीज खातं आणि त्यावर २४ जीबी मेमरी असते. लॅपटॉपमधल्या ४०९० ला फार तर १७५ वॉट मिळतात आणि मेमरी १६ जीबी.

पुढची गोम आणखी बारीक आहे. एकाच नावाचं कार्ड दोन लॅपटॉपमध्ये वेगळ्या जोराने चालतं. आरटीएक्स ४०६० ला कंपनी ३५ वॉटही देऊ शकते आणि ११५ वॉटही, वर थोडा बूस्ट वेगळा. पातळ, देखणा लॅपटॉप आणि जाडजूड, ओबडधोबड लॅपटॉप यांच्यात स्टिकर सारखा असूनही कामात फरक पडतो तो याच्यामुळे. दुकानात "कितीचं कार्ड" विचारू नका, "किती वॉटचं" विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर आकडा बघा.

साधं ब्राउझर उघडलं तरी पंखा सुरू होतो. काही बिघडलंय का?

बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्या प्रोसेसरचा मूळ वेग २.२ गिगाहर्ट्झ आहे, पण गरज पडली की तो ५.४ पर्यंत उडी मारतो. गरज म्हणजे काय, हे तो ठरवतो. तुम्ही एक वेबपेज उघडलं की त्याला वाटतं युद्ध पेटलं. अर्ध्या सेकंदासाठी तो पूर्ण जोर लावतो, चिप क्षणात ९० अंशांच्या आसपास जाते, पंख्याला ते कळतं आणि पंखा धावत सुटतो. तोवर पेज उघडून झालेलं असतं.

उपाय सोपा आहे. पहिला, लॅपटॉपच्या कंपनीच्या ॲपमध्ये 'सायलेंट' किंवा 'क्वाएट' मोड असतो, रोजच्या कामाला तोच लावून ठेवा. दुसरा, विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट'. तिथे १०० च्या जागी ९९ लिहा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण ९९ केलं की प्रोसेसरची ती वरची उडी बंद होते. माझ्या मशीनवर टायपिंग, बिलं, मेल या कामात तेव्हापासून पंखा ऐकूच येत नाही. रेंडर लावायचा असेल तेव्हा परत १०० करतो. मी त्यासाठी दोन पॉवर प्लॅन करून ठेवलेत, एकाचं नाव 'ऑफिस', दुसऱ्याचं 'गाढवकाम'.

आता उन्हाळा. पंखा लॅपटॉपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त आतली उष्णता खोलीत फेकतो. म्हणजे खोली जितके अंश तापली, साधारण तितकेच अंश आतली चिपही वर सरकते. जानेवारीत, निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या येत असतात तेव्हा, माझा लॅपटॉप एकदम सज्जन असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीत ३६-३८ अंश असताना त्याच कामाला तोच लॅपटॉप बोंब मारतो. त्यात त्याची चूक नाही. चिपची स्वतःची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, तिथे पोचली की ती आपणहून वेग कमी करते, जळत नाही. मी उन्हाळ्यात रेंडर रात्री दहानंतर लावतो आणि खिडकी उघडी ठेवतो.

मागचा भाग दोन इंच उचलून ठेवा. महागडा कुलिंग पॅड घ्यायलाच पाहिजे असं नाही, माझ्याकडे सुताराने उरलेल्या प्लायचा तिरका पाट करून दिलाय. गादीवर, सोफ्यावर मात्र ठेवू नका. हवा खालून आत जाते, ती वाटच बंद होते.

बॅटरी दोन तासही टिकत नाही. सदोष पीस आलाय का?

हिशेब करू. माझी बॅटरी ९० वॉट-तासांची आहे. साध्या कामात मशीनने २० वॉट घेतले तर साडेचार तास. ४५ घेतले तर दोन तास. तेव्हा शोधायचं ते बॅटरीत नाही, ते २५ वॉट कोण खातंय त्यात शोधायचं.

बहुतेक वेळा खाणारं असतं ते मोठं ग्राफिक्स कार्ड, विनाकारण जागं राहिलेलं. या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरच्या पोटातलं, काटकसरी. दुसरं एनव्हिडियाचं, खादाड. कंपनीच्या ॲपमध्ये 'हायब्रिड' किंवा 'ऑप्टिमस' मोड लावला तर साध्या कामाला पहिलं चालतं आणि दुसरं झोपतं. गेमसाठी कुणी मोड बदलून 'फक्त एनव्हिडिया' केलेला असतो आणि परत फिरवायचं विसरतो. आमच्याकडे हा 'कुणी' नववीत आहे.

दुसरं, स्क्रीन २४० हर्ट्झवर चालते. पत्र टाइप करायला त्याची गरज नाही, बॅटरीवर असताना ६० करा. तिसरं, ब्राइटनेस. एवढं केल्यावर मला कागदपत्रांच्या कामात चार तास मिळतात. त्याहून जास्तीची आशा मी ठेवत नाही.

आणि बॅटरीवर गेम किंवा रेंडर चालवूच नका. बॅटरी तेवढी वीज एका वेळी देऊच शकत नाही, त्यामुळे कार्ड अर्ध्या जोराने चालतं आणि तरीही बॅटरी तासाभरात संपते.

बाहेरचा मॉनिटर जोडला की पंखा आणि उष्णता दोन्ही वाढतात. असं का?

कारण बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं सॉकेट सरळ एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेलं असतं. मॉनिटर लावला की ते कार्ड झोपू शकत नाही. अनेक मॉडेल्समध्ये टाइप-सी चं एखादं सॉकेट प्रोसेसरच्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं, मॉनिटर तिथे जोडा. कुठलं सॉकेट कुठे जातं हे एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये फिजएक्सच्या पानावर चित्र काढून दाखवलेलं असतं. हे मला दीड वर्षाने कळलं.

दिवसभर चार्जरला लावून ठेवला तर बॅटरी फुगते म्हणतात.

लावून ठेवायला हरकत नाही, १०० टक्क्यांवर ठेवायला आहे. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता एकत्र सोसत नाही, आणि गेमिंग लॅपटॉप तिला दोन्ही देतो. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर, काहींमध्ये ६० वर थांबवायची सोय असते. ती पहिल्या दिवशी लावा. बाहेर जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री १०० करा.

टचपॅड वर आल्यासारखा वाटला, झाकण नीट बसेना, तर मशीन बंद करा आणि बॅटरी बदलेपर्यंत वापरू नका. स्वतः टोचून वगैरे बघू नका.

लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. करंट मारतोय का?

हो, हलकासा. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. अडॅप्टरमध्ये विजेचा गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते अगदी थोडा प्रवाह अर्थिंगच्या वायरीकडे सोडतात. भिंतीत अर्थिंगच नसेल तर त्या प्रवाहाला जायला वाट नाही, तो लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावर येऊन बसतो आणि तुम्ही अनवाणी फरशीवर उभे राहून त्याला वाट देता.

लॅपटॉप चांगला आहे, सॉकेट वाईट आहे. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका, पुष्कळ जुन्या वायरिंगमध्ये तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन कापून किंवा टू-पिनचा जोड लावून वापरणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका, आणि ते फक्त लॅपटॉपसाठी नाही, त्याच घरात गीझरही असतो.

अडॅप्टरची पिन जाड आहे, साध्या सॉकेटमध्ये जात नाही. मग?

काही लॅपटॉपसोबत १६ अँपिअरची, फ्रिज-गीझरसारखी जाड पिन येते. घाबरू नका, एवढा करंट तो खात नाही. ३३० वॉटचा अडॅप्टरसुद्धा २३० व्होल्टवर दीड अँपिअरच्या आसपास घेतो. अडॅप्टरमध्ये घुसणारं टोक तेच ठेवून, दुसरीकडे ६ अँपिअरची पिन असलेली चांगल्या प्रतीची, अर्थिंगची वायर मिळते. पातळ, स्वस्त वायर घेऊ नका.

लाइट जाते तेव्हा काय? इन्व्हर्टर चालेल का?

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्यामुळे लाइट गेली तरी काम जात नाही. जातं ते इंटरनेट, कारण राउटर बंद पडतो. राउटरला छोटा यूपीएस घ्या, तो हजार-दीड हजाराचा खर्च लॅपटॉपमधल्या कुठल्याही सुधारणेपेक्षा जास्त उपयोगी पडला.

घरचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर लॅपटॉप पेलतो. साइन वेव्ह असेल तर उत्तम. स्क्वेअर वेव्हवर अडॅप्टर गुणगुणतो आणि जास्त तापतो. इन्व्हर्टरवर असताना मी सायलेंट मोड लावतो, नाहीतर घरातले पंखे लवकर थांबतात आणि मग घरातली माणसं तापतात. मे महिन्यात वळवाचा पाऊस कडाडायला लागला की प्लग आणि नेटची केबल दोन्ही काढून ठेवा.

लाइट बिल किती वाढेल?

वाटतं तेवढं नाही. साध्या कामात सरासरी ४० वॉट धरले तर आठ तासांचं एक तृतीयांश युनिट. पूर्ण जोरात २५० वॉट धरले तर तीन तासांचं पाऊण युनिट. बिलातला खरा मोठा आकडा एसीचा असतो.

रोज बरोबर घेऊन फिरता येतो का?

येतो, पण पाठीला विचारून. माझा पावणेतीन किलोचा आणि अडॅप्टर वेगळा, किलोभराचा. ॲक्टिव्हावर पाठीवरच्या सॅकमध्ये नेतो. डिक्कीत हा मावत नाही, तुमचा मावला तरी ठेवू नका, मेच्या उन्हात सीटखाली काय तापतं ते हात घालून बघा.

एक फजिती सांगतो. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला चाललो होतो. घाईत झाकण मिटलं आणि मशीन सॅकमध्ये कोंबलं. कसाऱ्याच्या आधी पाठीला शेक लागायला लागला. सॅक उघडली तर आत भट्टी, पंखे जोरात आणि बॅटरी निम्मी. झाकण मिटल्यावर विंडोज पूर्ण झोपत नाही, अर्धवट जागं राहून अपडेट वगैरे उरकतं. तेव्हापासून पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटलं की 'हायबरनेट', म्हणजे काम जपून पूर्ण बंद, असं लावून ठेवलंय. उघडायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात, लागू देत. आणि गाडीत मांडीवर घेऊन काम करायचा बेत असेल तर सोडा. खालून गरम, वर शेजाऱ्याचं कोपर.

टाइप-सी चार्जरवर चालेल का? एवढा मोठा ठोकळा न्यायचा जीव होत नाही.

तुमच्या मॉडेलला टाइप-सी वरून चार्जिंग आहे का ते आधी बघा, सगळ्यांना नसतं. असेल तर १०० वॉटचा चार्जर ड्रॉइंग, मेल, मीटिंग या सगळ्याला पुरतो आणि खिशात मावतो. साइटवर जाताना मी तोच नेतो. रेंडरला मात्र ठोकळाच लागतो.

ओझरवरून विमानाने जायचंय. बॅटरी अडवतील का?

१०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये चालते. म्हणूनच मोठमोठ्या गेमिंग लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ च्या आसपास येऊन थांबतात, त्यापुढे १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते. लॅपटॉप हातातल्या बॅगेत ठेवा. सुरक्षा तपासणीत अडॅप्टर बाहेर काढायला लावतात आणि विटेसारखा दिसत असल्यामुळे दोनदा बघतात.

माझं वर्कशॉप अंबडला आहे. तिथे ठेवला तर चालेल?

ऑफिसच्या केबिनमध्ये, दार लावून, चालेल. मशीनशेजारी नको. घरातली धूळ पंखे तुंबवते, ते साफ करता येतं. लोखंडाचा कीस ही वेगळी गोष्ट आहे. तो वीज वाहून नेतो, बोर्डावर पडला की शॉर्ट. शिवाय स्पीकरमध्ये चुंबक असतात, ते हा कीस ओढून घेतात आणि आवाज फाटतो. सातपूरच्या एका परिचिताच्या लॅपटॉपच्या स्पीकरच्या जाळीवर मी काळ्या केसांसारखा कीस उभा राहिलेला पाहिलाय.

घरच्या धुळीसाठी सहा-आठ महिन्यांनी खालचं झाकण उघडून ब्लोअर मारा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं. चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलायला हरकत नाही. पण तुमच्या मॉडेलमध्ये पेस्टच्या जागी लिक्विड मेटल असेल तर रस्त्यावरच्या दुकानात उघडू देऊ नका. तो गॅलियमचा मिश्रधातू असतो, वीजवाहक असतो आणि ॲल्युमिनियमला खातो. एक थेंब इकडचा तिकडे झाला की बोर्ड गेला.

आणि रंगपंचमीला लॅपटॉप कपाटात. रहाडीतून, म्हणजे रंगाच्या हौदातून, आलेली पोरं ओल्या हाताने आधी गाणी लावायला धावतात.

मराठी टायपिंगला काही अडचण? आणि ते रंगीत दिवे बंद होतात का?

टायपिंगला काहीच अडचण नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आहेच, आणि २०१९ पासून मराठी फोनेटिकही आत मिळतं. फक्त कळांवर देवनागरी स्टिकर लावू नका, खालचा प्रकाश अडतो आणि उष्णतेने त्यांचा गोंद वितळून कळा चिकट होतात.

दिवे बंद होतात. मी पांढरा, मंद ठेवलाय. पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर उघडला तेव्हा कीबोर्डवर इंद्रधनुष्य नाचत होतं आणि त्यांच्या आईने विचारलं, "हा गणपतीच्या डेकोरेशनचा आहे का?"

धंद्याच्या नावावर घेतला तर? बिलावर 'गेमिंग' लिहिलेलं असतं.

बिलावर काय लिहिलंय यापेक्षा तुम्ही कशाला वापरता ते महत्त्वाचं. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे, बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो. पण जीएसटीची जी रक्कम क्रेडिट म्हणून घेतली, तिच्यावर पुन्हा घसारा घेता येत नाही. बाकी तुमचे सीए सांगतील, आणि घरात मुलगाही त्यावर खेळतो हे त्यांना खरं खरं सांगा.

दुकानात जाऊन नेमकं काय बघू?

एम. जी. रोडला जा किंवा कुठेही, पण डब्यावरचं वाचून घेऊ नका. डेमो पीस चालू करून त्यावर काहीतरी जड दहा मिनिटं चालवायला सांगा. मग मनगट ठेवायची जागा किती तापते ते हाताने बघा, पंख्याचा आवाज ऐका. दुकानात एसी असतो, त्यामुळे ऐकलं त्यापेक्षा घरी जास्तच येणार हे धरून चाला. रॅम बदलता येते की बोर्डालाच चिकटवलेली आहे ते विचारा. फायली साठवणाऱ्या दुसऱ्या एसएसडीला जागा आहे का, तेही. वॉरंटीत माणूस घरी येतो की मशीन आपण पोचवायचं, याचं उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर बघा. माझा अनुभव असा, की फोनवरचा "दोन दिवसांत" आणि प्रत्यक्षातले तीन आठवडे यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

मग लॅपटॉप, अडॅप्टर, वायर सगळं एका सॅकमध्ये भरा आणि पाठीवर घेऊन दुकानाचा जिना एकदा उतरून चढा. दुकानदार हसतो. हसू दे.